रजिस्टरातलं अखंड हाड

दोष मधुकररावांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण सांगता सांगता मी थकेन आणि मग तुम्ही म्हणाल, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे, माणूस मोठा होता. मोठा होताच. भूगर्भशास्त्र विभागाचा प्रमुख होता. निवृत्तीच्या दिवशीचा शाल-श्रीफळाचा फोटो अजून विभागात लावलेला आहे. तरी दोष त्यांचाच.

मी एक मांडीचं हाड बोलतोय. डायनासोरचं. लांबी साडेचार फूट. सध्या नागपुरातल्या एका कॉलेजात जिन्याखाली पडलोय. कॉलेजचं नाव सांगत नाही, अशी बरीच आहेत.

जिवंत होतो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. वजन आठवतं. एक अख्खं जनावर माझ्यावर उभं असायचं. आणि ओल आठवते. हाड म्हटलं की तुम्हाला कुत्र्याच्या तोंडातलं कोरडं, पांढरं काहीतरी दिसतं. जिवंत हाड तसं नसतं. त्याच्या आतून केसाहून बारीक रक्ताच्या नळ्या फिरतात, एकीतून दुसरी फुटते, दुसरीतून तिसरी. माझ्यातही होत्या.

जनावर तळ्याकाठच्या चिखलात बसलं ते उठलं नाही. त्यावर माती चढली, मातीवर पुढे कधीतरी वितळलेला दगड येऊन थिजला. सगळे म्हणतात, मग हाडाचा दगड झाला. बराचसा झालाच. पण आत, जिथे पाणीसुद्धा पोचलं नाही अशा काही मिटलेल्या जागी, मऊ असं थोडंसं राहून गेलं होतं. मला ते माहीत होतं. विचारलं कोणी नाही.

एकोणीसशे त्रेसष्टच्या फेब्रुवारीत उमरेडच्या पुढे एका नाल्याच्या काठाला मधुकररावांनी मला शोधलं. तेव्हा ते साधे लेक्चरर होते. सोबत प्रयोगशाळेचा शिपाई नानाजी. खोदायचं काम नानाजीचं, पाहायचं सरांचं. चार दिवसांत मी पूर्ण उघडा पडलो. आता रीत अशी, की असं हाड उचलायच्या आधी त्याला ओल्या प्लास्टरमध्ये बुडवलेल्या पोत्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि दोन दिवस उन्हात वाळू द्यायचं. मोडलेल्या पायाला घालतात तसंच. नानाजीनं प्लास्टर कालवायला घेतलं, तर सर म्हणाले,

"राहू द्या. आजच निघायचं."

"साहेब, दोन दिस वाळू द्या लागते. नाई तं रस्त्यानं बसंल फटका."

"सोमवारी कुलगुरू येताहेत विभागात. मी त्यांना काय दाखवू, खड्डा?"

"पन साहेब..."

"नानाजी, आता तुम्ही मला शिकवणार का?"

नानाजी गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. मला गवताच्या गादीवर ठेवून जीपमध्ये घातलं. पहिल्याच नाल्याच्या उतारावर जीप आदळली आणि माझे मधोमध दोन तुकडे झाले. सर खाली उतरले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी येतंय का.

रविवारी विभाग बंद. नानाजीनं इतवारीतून सरेस आणलं. सुतार लाकूड जोडायला वापरतात ते. त्याच्या काळपट वड्या मिळतात, भिजवायच्या आणि पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून गरम करायच्या. वास असा, की खिडकीतला कावळाही उडून जावा. वास येणारच, कारण सरेस म्हणजे गायी-बैलांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला रस. माझं तुटलेलं तोंड भुसभुशीत झालं होतं म्हणून सरांनी आधी पातळ सरेस ब्रशनं पाजलं. पाजलं म्हणजे अक्षरशः. मी शोषत गेलो, ते ओतत गेले. साडेसहा कोटी वर्षं जिथे पाणी शिरलं नव्हतं तिथे बैलाचा रस शिरला. मग दाट सरेस लावून दोन्ही तुकडे जोडले, दोऱ्यांनी आवळले, भेगेत माती भरली आणि मातीला रंग यावा म्हणून वर चहाचं पाणी फिरवलं. सरांचा हात चांगला होता, हे मान्य करायला हवं.

सोमवारी कुलगुरू आले, वाहवा झाली, मंगळवारी वर्तमानपत्रात फोटो आला. रजिस्टरात सरांनी स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: "डावे मांडीचे हाड. अखंड अवस्थेत प्राप्त. कोणतीही प्रक्रिया केलेली नाही."

चोरी केली असती तर एकदा चुकून पकडले गेले असते. हे लिहून ठेवलं. लिहिलेलं खरं मानायची इथे सगळ्यांना सवय आहे.

त्यानंतर चौदा वर्षं मी व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटावर आडवा होतो. माणसांच्या सवयी पाहत होतो. येणारा प्रत्येक जण मला बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. कलिंगड निवडतात तसं. मुली हात लावून लगेच ओढणीला पुसायच्या. खंडेनवमीला दगड घासायच्या मशीनला, हातोड्यांना आणि मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं, त्या दिवशी सर सगळ्यांना बर्फी द्यायचे आणि विज्ञाननिष्ठेवर बोलायचे. ते रीडर झाले, प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले. पावसाळ्यात माझी भेग थोडी फुगायची, उन्हाळ्यात थोडी आखडायची. कोणी बघितलं नाही.

सत्त्याहत्तर साली रविंद्र गजभिये आला. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. त्याला लघुप्रबंधासाठी माझा काप घ्यायचा होता. भूगर्भवाल्यांची रीत घासायची: दगडाची चकती कापायची आणि आरपार दिसेपर्यंत घासत राहायचं. पण मशीनचा पट्टा जुलैत तुटला होता आणि नव्या पट्ट्याचा अर्ज सरांच्या टेबलावर होता. ऑक्टोबर आला. अर्ज टेबलावरच.

रविंद्र वाट बघणाऱ्यांतला नव्हता. भेगेपाशी माझी एक ढलपी सैल झाली होती. त्याला वाटलं, नैसर्गिक तडा असेल. ढलपी त्यानं वहीत नोंदवून, कापसात गुंडाळून मावशीकडे नेली. माझा तुकडा जिथे गेला तिथे मीही गेलो, म्हणून पुढचं मला माहीत आहे.

मावशी म्हणजे भीमाबाई. एका मोठ्या दवाखान्याच्या पॅथॉलॉजीत वीस वर्षं काम करत होती. डॉक्टरांनी काढलेले हाडांचे तुकडे मऊ करून कापायला तयार करणं हे तिचं काम. नोकरीच्या कागदावर ती 'मदतनीस' होती. डॉक्टर लोक मात्र तिलाच विचारायचे, बाई, झालं का?

"काय गा रवी, हे का आणलं?"

"हाड हाय मावशी. घासाची मशीन बंद हाय आमची."

"कोन्या बैलाचं?"

"बैलाच्याही आधीचं. लय आधीचं."

तिनं ढलपी उजेडात धरली, जिभेच्या टोकाला चिकटते का बघायला तोंडाशी नेली आणि हसून थांबली. "हाड काहून घासता तुमी लोकं? आमी नाई घासत. आमी भिजू घालतो. चुना चुना निंघून जाते, मांस मांस राहाते."

"याच्यात कुठून राहाते मावशी मांस. दगड झाला याचा."

"तुले मालूम हाय का मले?"

तिनं ढलपीला दोरा बांधला आणि पातळ ॲसिडच्या बरणीत अधांतरी टांगली, म्हणजे सुटणारा चुना खाली बसावा. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून आत टाकली, कारण शाई ॲसिडात उडते. दर तिसऱ्या दिवशी ॲसिड बदललं. दर तिसऱ्या दिवशी टाचणी टोचून पाहिली. आत कडक लागलं की पुन्हा बरणीत. एकोणिसाव्या दिवशी टाचणी आत गेली.

भीमाबाईनं मला चिमट्यानं उचललं आणि मी वाकलो.

हे तुम्हाला कसं सांगू? इतक्या काळात मी तुटलो होतो, फुटलो होतो, आवळला गेलो होतो. वाकलो नव्हतो. ती चिमटा हलवत होती आणि मी लवत होतो, तुटत नव्हतो.

"अगा माय," भीमाबाई म्हणाली. "हे तं लवते."

तिनंच काचेवर घेतलं, तिनंच सूक्ष्मदर्शकाखाली आधी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रविंद्रला जागा दिली. "रक्ताच्या नळ्या हायेत. मानसाच्या अशाच दिसतात. ते पाह्य, तिथून फांदी फुटली."

रविंद्र डोळा काढेना. भीमाबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला तेव्हा तो श्वास घ्यायला लागला.

मग त्यानं घाईनं गाजावाजा केला नाही, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवतो. महिनाभर ग्रंथालयात बसला. पोलंडातल्या काही लोकांनी अकरा वर्षांपूर्वी गोबीच्या वाळवंटातल्या हाडात असलंच काही पाहिल्याचं छापलं होतं. ते त्यानं हातानं उतरवून घेतलं. रसायनवाल्या मित्राकडून प्रथिनाची चाचणी करवून घेतली. जांभळा रंग आला, म्हणजे प्रथिन आहे. मग तो मधुकररावांकडे गेला. दार उघडं होतं आणि कपाट दाराला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बुरशी असेल," सर म्हणाले.

"सर, बुरशीच्या धाग्यांशी ताडून पाहिलं. तशा नाहीत."

"आणि हे पाहिलं कोणी? तुमच्या मावशीनं?" सर हसले. "गजभिये, स्कॉलरशिप मिळाली म्हणून लगेच शोध लागत नसतात. बरण्या धुणाऱ्या बायांकडून तर नाहीच."

"सर, बरण्या धुणारी वेगळी बाई आहे. मावशी हाडं तयार करते. एकच विचारायचं होतं. या हाडाला कधी काही लावलं होतं का? सरेस, लाख, काहीही? लावलं असेल तर जांभळ्या रंगाला अर्थ नाही. मी आत्ताच थांबतो."

याहून सरळ प्रश्न असू शकत नाही. नानाजी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. सरांनी नानाजीकडे पाहिलं. नानाजीनं ट्रेकडे पाहिलं.

"रजिस्टर आहे ना?" सर म्हणाले. "रजिस्टर काय सांगतं?"

"काही प्रक्रिया केलेली नाही, असं."

"मग?"

मला जन्मभर ते 'मग' छळणार आहे. खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही त्यांना.

तुम्ही विचाराल, त्यांनी त्याला तिथेच अडवलं का नाही? कारण जाता जाता ते म्हणाले, "लेख लिहा. पहिलं नाव माझं राहील." चौदा वर्षांत कोणाला कळलं नाही, आता काय कळणार, असं वाटलं असेल. या वयाच्या माणसांना आपलं पाप जुनं झालं की ते वारलं असं वाटतं.

फेब्रुवारीत विभागात परिसंवाद झाला. कलकत्त्याहून एक वयस्क तज्ज्ञ आले होते. तीस वर्षं हाडं खणलेला माणूस. मला कपाटावरून उतरवून लांब टेबलावर ठेवलं. रविंद्रनं अर्धा तास मांडणी केली. चाचपडला नाही. काचेवरच्या नळ्या दाखवल्या, बरणीत उरलेला मऊ तुकडा दाखवला. कलकत्तेकरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मान हलवली, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे आले आणि रजिस्टर मागितलं.

"अखंड?" ते हिंदीत म्हणाले. "इतना लंबा? एक टुकडे में?"

"हो," सर म्हणाले.

"मुझे तो तीस साल में एक नहीं मिला."

त्यांनी हात माझ्यावरून फिरवला आणि बरोबर भेगेवर थांबवला. नखानं माती खरवडली. थर्मासमधलं गरम पाणी मागितलं, भेगेवर ओतलं, आणि वाकून वास घेतला.

"अरे भाई, यह तो सरेस है."

आणि तेवढ्यात मी सुटलो. गरम पाण्यानं जोड पातळ झाला आणि माझा खालचा अर्धा भाग टेबलावरून घरंगळून जमिनीवर पडला. चाळीस माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं.

पहिले बोलले ते मधुकरराव. "हे कोणी केलं?" आणि त्यांनी रविंद्रकडे पाहिलं.

"सर, मला काय माहीत? मी तर तुम्हाला विचारलं होतं."

"हाड तुमच्या ताब्यात होतं ना, ऑक्टोबरपासून?"

"ताब्यात म्हणजे कपाटावर होतं! मी फक्त ढलपी घेतली. सर, रजिस्टर तुमच्या अक्षरात आहे."

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले. त्यांचा आवाज शांत झाला होता. वाट सापडली होती. "रजिस्टरात अखंड लिहिलं आहे. म्हणजे आलं तेव्हा अखंड होतं. मग तुटलं कधी? आणि जोडलं कोणी? नानाजी, तुमच्यासमोर आलं होतं ना हाड? कसं होतं?"

सगळे नानाजीकडे वळले. नानाजीला निवृत्तीला एक वर्ष होतं आणि त्याचा मुलगा विभागात रोजंदारीवर होता, कायम व्हायचा होता. हे मी त्याच्या बचावासाठी सांगत नाही. कारण म्हणून सांगतोय.

"साबूत होतं साहेब," नानाजी म्हणाला.

रविंद्र हसला. खरंच हसला, मोठ्यांदा. मग म्हणाला, "नानाजी, तुमी तरी." एवढंच. मग सरांना म्हणाला, "तुम्ही सगळे मिळून एका हाडाला भ्यालात." त्याचं बोलणं उद्धट धरलं गेलं. पुढे चौकशी समितीच्या कागदात ते वाक्य आलं. सरेसाची वडी कुठल्या वर्षी आणली, हे आलं नाही.

कलकत्तेकर गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले. जाताना म्हणाले, मुलगा हुशार आहे. समितीत तीन जण, तिघेही साठीच्या आसपासचे. त्यांचं म्हणणं, माफीनामा लिहून द्या, मी हाड पाडलं आणि जोडलं असं लिहा, वय लक्षात घेऊन वर्ष वाचवू. घरी वडिलांनी, आनंदरावांनी, तेच सांगितलं. वडीलधारी माणसं या बाबतीत फार एकमतानं बोलतात.

कपाटाची किल्ली परत करायला रविंद्र आला तेव्हा भीमाबाई त्याच्यासोबत होती. मला तोवर या जिन्याखाली टाकलं होतं. दोघं पायरीवर बसली.

"बाबा म्हणते, चार ओळी तं लिहा लागतात."

"तू का म्हणतो?"

"म्या नाई केलं मावशी. जे नाई केलं ते लिहू कसं?"

भीमाबाईनं माझ्या तुटलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. चिकट लागलं, तिनं ते पदराला पुसलं. "सरेस हाय, ते खरं. रंग त्यानं आला असंल. पन नळ्या सरेसाच्या नाई. सरेसाले फांद्या फुटत नाई गा रवी."

"मले मालूम हाय."

"समितीतल्या सायबायले सांगितलं नाई का?"

"सांगितलं. आयकाले कोनी होतं का तिथं?"

तिचंच खरं होतं. प्रथिन माझं की बैलाचं, ते आता मलासुद्धा सांगता येणार नाही, इतकं ते एकमेकांत मुरलंय. पण त्या नळ्या माझ्या होत्या. जनावर चालायचं तेव्हा त्यांतून रक्त जायचं. एवढं एक मला पक्कं माहीत आहे आणि ते सांगायला मला तोंड नाही.

माफीनामा त्यानं लिहिला नाही. मार्चमध्ये नाव काढून घेतलं. भीमाबाईला दवाखान्यातून कागद आला, सरकारी ॲसिड बाहेरच्या कामाला वापरल्याबद्दल. नळ्यांच्या काचा पुरावा म्हणून सरांच्या कपाटात गेल्या, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. बरणीतल्या मऊ तुकड्याचं काय करायचं, असं नानाजीनं विचारलं. सर म्हणाले, धुऊन टाका, बरणी कामाला येईल. नानाजीनं नळ सोडला. मी मोरीतून गेलो.

आता चौऱ्याऐंशी साल आहे. माझ्यावर तुटकी स्टुलं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. सरेसाला किडे लागलेत, ते खातात, मी खाऊ देतो. नानाजी दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला येतो आणि थोडा वेळ या पायरीवर बसतो. त्याचा मुलगा कायम झाला. मागच्या वेळी तो पुटपुटला, "रवी भेटला होता. नगरपालिकेत पान्याचे मीटर पाह्यते आता. मले चहा पाजला त्यानं. काही बोलला नाई." आणि तो रडायला लागला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी खरंच थकलोय.

माझ्या आत, सरेस पोचलं नाही अशा जागी, अजून थोडं मऊ उरलं असेल. कोणी कधी काढलंच तर पहिला प्रश्न सरेसाचा विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. म्हणून मागायचं ते एवढंच: हाड तुटलं तर तुटलं लिहा. चिकटवलं तर कशानं चिकटवलं ते लिहा. हाडाला त्याची लाज वाटत नाही.

रविंद्र तेवीस वर्षांचा होता. परीक्षेला दोन महिने राहिले होते. त्याचं एम.एस्सी. झालं नाही, आणि त्यानंतर त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही.